बोर्डभेद (बूटलोडर)

एकाच उत्पादनाच्या निरनिराळ्या सर्किट बोर्डांमधले हार्डवेअरचे फरक ओळखून ते सगळे एकाच बूटलोडरमध्ये (बोर्ड चालू होताच सर्वांत आधी चालणारा, पुढची प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) सांभाळून घेण्याची पद्धत. हे फरक बहुतेकदा नाइलाजाने येतात. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या युनिटने गेटवेचे (उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्राचे) शंभर बोर्ड काढले. पुढच्या लॉटच्या वेळी तीच रॅम मिळाली नाही, इथरनेटची फाय चिपही (नेटवर्कच्या तारेवर संकेत पाठवणारी-घेणारी चिप) बदलली. प्रत्येक लॉटसाठी वेगळी इमेज (बोर्डाच्या फ्लॅशमध्ये टाकायची सॉफ्टवेअरची फाइल) ठेवता येते, पण सर्व्हिसला गेलेल्या माणसाने चुकीची इमेज टाकली की बोर्ड बंद.

खरी अडचण रॅमची. यू-बूट या बूटलोडरचा (पूर्वीचा पीपीसीबूट, २००२ पासून हे नाव) पहिला छोटा भाग, एसपीएल, प्रोसेसरच्या आतल्या स्टॅटिक रॅममध्ये चालतो आणि बाहेरची मुख्य रॅम, डीडीआर, तोच सुरू करतो. त्यामुळे बोर्ड कोणता, हे डीडीआर नसतानाच कळावे लागते. रॅम किती, हे पत्त्यांवर लिहून-वाचून ताडता येते. प्रकार आणि टायमिंग (वाचण्या-लिहिण्याच्या वेळांची मापे) मात्र आधीच माहीत हवे. टायमिंग थोडेच चुकले तर बोर्ड टेबलावर नीट चालतो आणि उन्हात तापलेल्या पॅनेलमध्ये अडकतो. यापेक्षा मुळीच सुरू न होणारा बोर्ड परवडला.

ओळख पटवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे प्रोसेसरच्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिनांवरचे रेझिस्टर: प्रत्येक पिन ० किंवा १, म्हणून तीन पिनांत आठ प्रकार. दुसरा मार्ग आयटूसी ईईप्रॉमचा, म्हणजे दोन तारांवर जोडलेल्या, वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या छोट्या चिपचा. बीगलबोन या छोट्या संगणक-बोर्डाच्या ईईप्रॉममधले नाव वाचून यू-बूट मूळ बोर्डाची २५६ एमबी डीडीआर२ आणि बीगलबोन ब्लॅकची ५१२ एमबी डीडीआर३ वेगळी ओळखतो. पुढे त्याच नावावरून ‘एफडीटीफाइल’ या व्हेरिएबलमध्ये योग्य डिव्हाइस ट्रीचे (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन असलेल्या फाइलचे) नाव भरले जाते. ईईप्रॉममध्ये सिरियल नंबरही मावतो, पण टेस्टिंगच्या वेळी कुणीतरी ते भरावे लागते, आणि कोरे राहिलेले ईईप्रॉम हा नेहमीचा घोळ. रेझिस्टर विसरभोळे नसतात.

फाय चिप आपली ओळख क्रमांक २ आणि ३ च्या रजिस्टरमधून स्वतःच देते. आरजीएमआयआयचा (प्रोसेसर आणि फाय यांच्यातल्या जोडणीचा) विलंब मात्र बोर्डाच्या आखणीवरही अवलंबून असल्याने डिव्हाइस ट्रीमध्येच लिहावा लागतो.

एवढे करूनही एक चोरवाट उरते. कुणी एका बोर्डावर ‘एफडीटीफाइल’ हाताने बदलून ‘सेव्हएन्व्ह’ (व्हेरिएबल साठवण्याची आज्ञा) केले आणि तीच फ्लॅश बाकीच्या बोर्डांवर उतरवली, तर बूट स्क्रिप्ट साठवलेले मूल्य आधी पाहत असल्यास ओळख पटवणारा कोड चालतच नाही. म्हणून हे व्हेरिएबल दर बूटला नव्याने ठरवतात.