गडी मेला, पुढे काय? आयुष्याला खेळ मानण्यामागची पार्श्वभूमी

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिव-पार्वती सोंगट्या खेळत बसलेले दिसतात. खालच्या पट्टीत गणांनी नंदीची चेष्टा मांडली आहे. पुराणकथेत डाव पार्वतीचा होतो आणि शिव एकेक वस्तू गमावत जातो. १४ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांतही हाच प्रसंग आहे, आणि ही कोरणी साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. 'आयुष्य गेमसारखं जगा' असं आज मोबाइलवरचं प्रत्येक दुसरं ॲप सांगतं. मराठवाड्यातल्या माणसाने या गोष्टीची सुरुवात वेरूळपासून धरायला हरकत नाही. देवानेही हरावं आणि तरी पट उधळू नये, हे इथल्या दगडात आहेच.

खेळाकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन जुन्या वाटा. एक लीळेची. ब्रह्मसूत्रांत (२.१.३३) शंका अशी, की ज्याला काही कमीच नाही त्या ईश्वराने सृष्टीचा खटाटोप कशाला केला? उत्तर एवढंच, की लोक खेळतात तसा, निव्वळ लीला म्हणून. दुसरी वाट द्यूताची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४वं सूक्त जुगाऱ्याच्या तोंडचं आहे: बेहड्याच्या फळांचे फासे, दुरावलेली बायको, डोक्यावर देणं, आणि अखेरीस सल्ला की फासे सोड, शेती कर. शेतीलाच पावसावरचा जुगार म्हणणाऱ्या मुलखात हा सल्ला वाचताना जरा हसू येतं.

तेराव्या शतकात या दोन्ही वाटा एकाच माणसात भेटल्या. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी पैठण परिसरात बराच काळ वावरले. संन्यासाआधी ते जुगारात हरल्याची हकिकत त्यांच्या चरित्रात आहे, आणि त्या चरित्रातल्या प्रत्येक प्रसंगाला नाव आहे 'लीळा'.

त्याच शतकातले ज्ञानेश्वर, पैठणजवळच्या आपेगावचे. मोक्षपट, म्हणजे सापशिडीचा जुना पट, त्यांनी रचला असं परंपरा मानते. हाती आलेले पट मात्र नंतरच्या काळातले आहेत. उत्तरेकडे याचाच भाऊबंद ज्ञानचौपड, कुठे ७२ घरांचा, कुठे ८४ घरांचा. काम, क्रोध, लोभ यांच्या घरी साप. दया, सत्संग यांच्या घरी शिडी. वरच्या टोकाला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये त्याची १०० घरांची सापशिडी झाली. जुन्या पटांवर साप शिड्यांपेक्षा जास्त असत. ती तफावत तिथे बरीचशी मिटली आणि खेळ सोपा झाला.

पण धीट जगायला शिकवायचं असेल तर मोक्षपट कामाचा नाही. त्यात खेळणारा फक्त दान टाकतो, निवड एकही करत नाही. पडलेलं दान निमूट भोगायला तो शिकवतो. तेही शिकावंच लागतं, पण ते निराळं.

निवड शिकवतो तो अष्टाचंग. गावागणिक नाव बदलतं, कुठे चंफूल म्हणतात. शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच, २५ घरं आखायची. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि बरोबर मधोमध फुल्ली मारायची. फुल्लीवरची सोंगटी मारता येत नाही. फासे म्हणून दोन चिंचोके मधोमध फोडून चार फाकी करायच्या आणि फोडलेली बाजू दगडावर घासून पांढरी, सपाट करायची. जेवढे पांढरे वर, तेवढं दान. चारही पांढरे पडले तर चंग (४), एकही नाही पडला तर अष्ट (८), आणि या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. फाका नीट उतरल्या असतील तर सोळा वेळांत दोनाचं दान सहादा आणि अष्ट व चंग एकेकदा असा हिशोब बसतो. एखादी फाक जास्त झिजली की ती सारखी एकाच अंगावर बसते आणि भांडणं सुरू होतात. अशा वेळी ती एकच नाही, चारही बदलाव्यात.

खरी गंमत एका नियमात आहे. बाहेरची १६ घरं फिरून आतल्या ८ घरांत शिरायचं, तर त्याआधी समोरच्याची निदान एक सोंगटी मारलेली हवी. जो फुल्लीवरून फुल्लीवर सावधपणे सरकतो, तो मरत नाही आणि आतही जात नाही. बाहेरच फेऱ्या मारत राहतो. धोका घेतल्याशिवाय घर नाही, हे इथे उपदेश म्हणून कुणी सांगत नाही. पटाची रचनाच तशी आहे.

मैदानी खेळांनी याच्याही पुढचा प्रश्न सोडवला: गडी मेला, आता त्याचं काय करायचं? हुतूतूचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात आणि बडोद्यात बांधले गेले, आणि त्यात तीन प्रकार रूढ झाले. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक उठतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही. समोरच्यांना गुण जातो आणि खेळ चालू राहतो. आज टीव्हीवर दिसणारी कबड्डी संजीवनीची आहे. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक बाजूला सात गडी, एका चढाईला ३० सेकंद.

हरण्याकडे कसं पाहायचं, याची याहून नेमकी मांडणी दुसरीकडे सापडत नाही. बहुतेक लोक आयुष्य गामिनीने खेळतात: एक परीक्षा गेली, एक धंदा बसला, की कायमचं रेषेबाहेर. संजीवनीत स्वतःच्या हिमतीने उठता येत नाही, सोबत्याने गुण आणावा लागतो. 'मनाने खंबीर व्हा' सांगणाऱ्या भाषणांत हा सोबती नेमका गळालेला असतो.

सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी हुतूतू, फुगडी, पिंगा, एकीबेकी हे खेळ भारुडांत आणले. भारुडाची दुसरी देणगी म्हणजे सोंग. घरात तोंड न उघडणारा माणूस वासुदेवाचा टोप चढवला की चार गावांपुढे बोलतो. युक्ती आजही चालते, फक्त सोंगाला सुरुवात आणि शेवट हवा. टोप उतरवायचा क्षण ठरलेला नसेल, तर ते सोंग न राहता ढोंग होतं.

पाश्चात्त्य विचारात हा विषय उशिरा गंभीरपणे घेतला गेला. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली संस्कृतीच खेळातून उगवते असं मांडलं आणि खेळाची पहिली खूण सांगितली: तो मर्जीचा असतो. १९७८ साली तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी व्याख्या केली, की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपणहून ओलांडायचा प्रयत्न. २०१० च्या आसपास 'गेमिफिकेशन' हा शब्द सगळीकडे झाला आणि कामाला गुण, बिल्ले, सलग दिवसांची साखळी चिकटली. त्यातला धोका मात्र १९७३ सालीच दिसला होता. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच बक्षीस कबूल केलं, काहींना नंतर अवचित दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं ८.६ टक्के वेळ चित्रांत रमली. बक्षीस न मिळालेली १६.७ टक्के आणि अवचित मिळालेली १८.१ टक्के. लातूर किंवा संभाजीनगरच्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसल्याचे तास वहीत मांडणारा विद्यार्थी याच सापाच्या तोंडी असतो. तास भरतात, गणितं तशीच राहतात.

स्वतःसाठी पट मांडायचा तर अष्टाचंगाचाच घ्यावा. बाहेरच्या फुल्ल्या सोडून १२ घरांत दहा-पंधरा मिनिटांची, पण टाळली जाणारी कामं लिहावीत: तलाठ्याला सातबाऱ्यावरची चूक दाखवणं, जुन्या मित्राला फोन. आतल्या ८ घरांत 'नाही' ऐकावं लागेल अशी: उसने दिलेले पैसे मागणं, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणं. मधे एकच मोठं काम. आत शिरायची अट अशी, की बाहेर फिरताना निदान एक नकार पदरी पडलेला हवा. रोज एकदा दान टाकायचं, सोंगटी थांबेल ते काम त्याच दिवशी करायचं, फुल्लीवर सुट्टी. दानाची सरासरी अडीच, चालायची घरं २४, म्हणजे आठ-दहा दिवसांत डाव आटोपतो आणि २१ कामांपैकी निम्म्याहून कमी वाट्याला येतात. शेवटच्या घरासाठी नेमकं दान अडलं तर दोन-चार दिवस वाढतात.

बिघडतं कुठे, तर पहिल्यांदा लिहिण्यात. 'अभ्यास करणे' हे घर होऊ शकत नाही. 'मागच्या पेपरातले २० प्रश्न घड्याळ लावून सोडवणे' हे होतं. मग पट स्टेटसला लावण्यात, कारण तिथून पुढे माणूस बघणाऱ्यांसाठी खेळतो. आणि दुसऱ्याला जबरदस्तीने बसवण्यात: कामाच्या जागी भिंतीवर नावांची उतरंड लावली की हाउझिंगांची पहिलीच खूण पुसली जाते. नवख्याला किंवा भित्र्याला दोन डाव कच्चं लिंबू ठेवावं. सगळे नियम तेच, फक्त तो बाद होत नाही.

पैसा पटावर घेऊ नये. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ साली केंद्राने कायद्याने बंदी आणली, ती द्यूताची वाट होती म्हणून. पेरणीचंही तेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. घाई केली तर दुबार पेरणी, आणि बियाणं-खताचा खर्च पुन्हा. ती गामिनी आहे, तिथे उठवायला कुणी येत नाही. पेरणीची तारीख पटाच्या कुठल्याच घरात लिहायची नाही. ती आपल्या महसूल मंडळातल्या पावसाचा आकडा बघून ठरवायची.