नागपूर-मुंबई विमान: अंतर तेच, वेळेचं काय झालं?

नागपूर-मुंबई अंतर विचारलं की कोणी रेल्वेचे 837 किमी सांगतं, कोणी समृद्धीचे 701, पण सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, सरळ रेघ मारली तर हवाई अंतर 680-690 किमीच्या आसपासच भरतं. ते काही बदलत नाही, बदलला तो वेळ, आणि तो नुसता कमीच होत गेला असंही नाही बरं का.

यात सगळ्यात भारी काळ म्हणजे रात्रीच्या टपालाचा. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना जानेवारी 1949 ला ही सेवा सुरू झाली. डोकं काय लावलं बघा, नागपूरहून दिल्ली साधारण 850 किमी, मद्रास 900, कलकत्ता हजाराच्या आत आणि मुंबई सगळ्यात जवळ, मग चारही शहरांतून रात्री डाकोटा जातीची पंख्यांची विमानं सुटायची, सगळी सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात, प्रवासीही तसेच उतरून दुसऱ्यात बसायचे, आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. झिरो माईलचा दगड आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण मधोमध असण्याचा खरा फायदा या धावपट्टीने करून दिला राजेहो! डाकोटाचा वेग ताशी 270-300 किमी, म्हणजे मुंबईला अडीच तास तरी धरा, आणि विमान फार उंच जात नसल्यामुळे पावसाळ्यात हादरे वेगळे.

1953 ला विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, 1957 ला सरकारी इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट हे डाकोटापेक्षा वेगवान विमान आलं, 1964 ला कॅराव्हेल जेट, मग बोइंग 737. जेटला दिल्ली-मद्रास थेट जमायला लागलं, मग मधे नागपूरला थांबायचं कशाला? सत्तरच्या दशकात ती टपालसेवा बंदच झाली.

आता गंमत अशी की तेव्हाच्या जेटपेक्षा आजचं एअरबस काही फार जोरात जात नाही, ताशी 800 च्या आसपासच, कारण त्यापुढे इंधन भसाभस जळतं. त्यात एवढ्या कमी अंतरात निम्मा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो. हवेत तास-सव्वा तास, पण तिकिटावर दीड तासाच्या पुढे, कारण तो वेळ इथून विमान हलल्यापासून तिथे पार्क होईपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, त्यामुळे रांग लागते, कधी हवेतच घिरट्या. कंपन्या हा उशीर आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात आणि मग विमान वीस मिनिटं आधी पोचलं म्हणून आपण खूश! हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून जोरात असतात, म्हणून जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, तेव्हा एकाच बाजूचा आकडा बघून वाद घालू नका.