मोबाइल कंपनीविरुद्ध अपील करताय? आधी डॉकेट नंबर आणि तारीख बघा

न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे कापले, बिल अचानक फुगलं, नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना (पोर्ट करताना) तो मध्येच अडकला. अशी तक्रार घेऊन माणूस नाशिकच्या मेन रोडच्या किंवा सातपूरच्या दुकानात जातो, काउंटरवरचा मुलगा "नोंद केलीय, होऊन जाईल" म्हणतो आणि माणूस समाधानाने घरी येतो. पुढे अपील फेटाळलं जातं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. तोंडी नोंद ही नोंद नव्हे.

ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचे दोन टप्पे आहेत. आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. दोन्ही दारं कंपनीच्याच घरातली. अपील प्राधिकरणाला सल्ला देणाऱ्या समितीवर ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी असतो, पण निर्णय कंपनीचाच अधिकारी देतो. म्हणूनच तुमचा कागद पक्का हवा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिकडे पाठवलेलं पत्र फिरून कंपनीकडेच येतं आणि तोवर अपिलाचे दिवस निघून जातात.

डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. १९८ वर फोन करून तक्रार नोंदवली की कंपनीने डॉकेट नंबर द्यायचा असतो, तो मेसेजनेही येतो. निफाडकडचे एक काका आपला बटणांचा फोन घेऊन आले होते. तक्रार खरी होती, पैसे दर आठवड्याला कापले जात होते. पण मेमरी भरली म्हणून नातवाने सगळे मेसेज उडवून टाकलेले. अपिलात पहिलाच रकाना डॉकेट नंबरचा, आणि तोच रिकामा. कृपा करून फोन चालू असतानाच नंबर वहीत लिहा, शेजारी तारीख लिहा. समोरचा "मेसेज येईल" म्हणाला तरी त्याने नंबर सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. नंबर हरवला असेल तर पुन्हा १९८ लावा आणि जुन्या तक्रारीचा नंबर मागा. तो मिळालाच नाही, तर नवी तक्रार नोंदवा.

तीस दिवस. ही मुदत पैसे कापल्याच्या दिवसापासून सुरू होत नाही. तक्रार सोडवायला कंपनीला जी मुदत असते ती संपली की तिथून अपिलाचे ३० दिवस मोजतात. काही जण ३० दिवस उलटले असं समजून हातपाय गाळतात, तर काही कंपनीच्या "प्रक्रिया सुरू आहे" या मेसेजवर विसंबून खरी मुदत घालवतात. "तक्रार बंद केली" असा मेसेज आला आणि समाधान नसेल, तर त्याच आठवड्यात अपील करा. अपिलाला फी नाही, ते ईमेलनेही करता येतं आणि ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं.

सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबई सर्कल वेगळं. अपील प्राधिकरण सर्कलप्रमाणे असतं, आणि सर्कल तुमच्या पत्त्यावरून नाही, नंबरवरून ठरतं. मुंबईत नोकरीला असताना घेतलेला नंबर नाशिकला अंबडमध्ये बसून वापरत असाल तर तपासून मगच पाठवा.

सिम कुणाच्या नावावर? वडिलांच्या, जावयाच्या, कधी तर जुन्या मालकाच्या. अपील त्याच नावाने आणि त्याच सहीने जायला हवं.

प्रीपेडचा पुरावा. "बिलाची प्रत जोडा" म्हटलं की प्रीपेडवाले गप्प होतात, कारण बिल येतच नाही. पण मागील सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागायचा हक्क त्यांनाही आहे आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. लेखी मागा. कॉलर ट्यूनसारखी सेवा सुरू करताना तुमची स्पष्ट संमती दोनदा घ्यावी, असा ट्रायचा २०१३ चा आदेश आहे. ती संमती कधी, कशी दिली याची नोंद दाखवा, असं अपिलात ठामपणे लिहा. आणि सेवा आधी बंद करून घ्या, त्यासाठी १५५२२३ आहे.

बाकी ओळखपत्राची प्रत, रिचार्जची पावती, स्क्रीनशॉट. हे सगळ्यांकडे असतं.

अपिलातही न्याय मिळाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. "मोबाइलची केस तिथे चालत नाही" असं अजूनही काही जण ठोकून देतात. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच हा प्रश्न ग्राहकांच्या बाजूने मिटवला आहे. आयोगात जाण्याआधी अपील करायलाच हवं असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते, मग कंपनीचं कार्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मोबाइलच्या तक्रारी याच गटात येतात. वकील लागतोच असं नाही. प्रतिज्ञापत्र मात्र विसरू नका, त्यावाचून तक्रार त्रुटीत काढली जाते. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. भरताना कुठे अडलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा, आणि त्या फोनचाही नोंद क्रमांक लिहून घ्या.