पुट इट ऑन, पण गेट ऑन इट

नाशिकला सीबीएसवर, सिटीलिंक या सिटी बसच्या स्टॉपवर उभे असाल तर इंग्रजीतली दोन वाक्यं मनात म्हणून बघा. हेल्मेट घाल म्हणायचंय तर 'पुट ऑन द हेल्मेट', बसमध्ये चढ म्हणायचंय तर 'गेट ऑन द बस'. आधी क्रियापद, मग ऑन, मग वस्तू, म्हणजे साचा एकच वाटतो. आता हेल्मेट आणि बस दोन्ही काढून तिथे 'इट' टाका. हेल्मेटचं होतं 'पुट इट ऑन' आणि बसचं होतं 'गेट ऑन इट', आणि अदलाबदल केली की दोन्ही वाक्यं बिघडतात.

क्लासमध्ये यावर उपाय म्हणून एक नियम पाठ करून घेतात, फ्रेजल व्हर्ब (म्हणजे क्रियापद आणि ऑन, अप असा छोटा शब्द यांची जोडी) असेल तर प्रोनाऊन मध्ये घाला. मग पोरं बिचारी सगळीकडेच मध्ये घालतात आणि 'लुक हिम आफ्टर' असलं काहीतरी तयार होतं, आणि त्यावर दुसरी यादी पाठ करायला मिळते, कुठे मध्ये घालायचं नाही त्याची. माझं स्पष्ट मत आहे की या याद्या म्हणजे वेळ घालवणं आहे, कारण यामागचं कारण तसं सोपं आहे आणि मराठी माणसाला तर ते आधीपासूनच माहीत आहे, फक्त कोणी दाखवून दिलेलं नसतं.

ऑन दिसतो एक पण तो दोन ठिकाणी नोकरी करतो. 'पुट ऑन' मध्ये तो क्रियापदाचा माणूस आहे, त्या दोघांचा मिळून अर्थ 'अंगावर चढवणे'. याला भाषाशास्त्रात पार्टिकल म्हणतात. 'गेट ऑन द बस' मध्ये ऑन बसचा आहे, 'ऑन द बस' हा एक तुकडा, हा ऑन म्हणजे प्रिपोझिशन. पांडवलेणीची टेकडी पळत चढलात तर 'वी रॅन अप द हिल', आणि खाली उतरून मिसळीवर ताव मारत बिल वाढवून ठेवलंत तर 'वी रॅन अप अ बिल'. ऐकायला जुळी भावंडं. पण टेकडीचं 'वी रॅन अप इट' होतं आणि बिलाचं 'वी रॅन इट अप'. नाव असेपर्यंत दोन्ही सारखी दिसतात, प्रोनाऊन आलं की कोण कोणाचं ते उघडं पडतं.

आता मराठीत बघा. द्वारका सर्कलला ऐन पावसात गाडी बंद पडली आणि चार जणांनी मिळून 'गाडी पुढे ढकलली'. दुसरीकडे कोणीतरी एक हातगाडी चुकून आपल्या 'गाडीपुढे ढकलली'. लिहिताना मधली जागा दिसते, पण बोलताना? 'गाडी' या शब्दाचं सामान्यरूप पण गाडीच, त्यामुळे घाईघाईत बोललं तर ऐकणाऱ्याला फक्त किंचित थांबण्यावरून ओळखायचं असतं. मग सर्वनाम घाला: पहिलं होतं 'ती पुढे ढकलली' आणि दुसरं 'तिच्यापुढे ढकलली'. झालं की नाही तेच! पहिल्यातला 'पुढे' क्रियापदाचा, दुसऱ्यातला 'पुढे' गाडीचा, शब्दयोगी. (परीक्षा पुढे ढकलली म्हणतो तेव्हाचा 'पुढे' पण पहिल्याच जातीचा, आणि इंग्रजीतलं 'पुट ऑफ' हे त्याचं सख्खं भावंड आहे.) फरक एवढाच की आपण सर्वनामाचं रूप बदलून हे सांगतो, ती आणि तिच्या, आणि इंग्रजीकडे तसं वेगळं रूप नाही, दोन्हीकडे 'इट'च, म्हणून ते जागा बदलून सांगतात.

पण मग बिलाचं 'इट' मध्येच का जातं, 'रॅन अप इट' म्हणून दोन्ही अर्थ चालवून घेतले असते की? इथे वजनाचा प्रश्न येतो. इंग्रजी वाक्यात साधारणपणे नवीन आणि जोर द्यायची गोष्ट शेवटी येते, आणि 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली, एका झटक्यात उच्चारली जाणारी, जोर नसलेली गोष्ट. ती मध्ये सरकवली की शेवटची जागा पार्टिकलला मिळते आणि त्यावर जोर देता येतो, 'टर्न इट ऑफ' मध्ये इंग्रज माणूस ऑफवरच जोर देतो. 'गेट ऑन इट' किंवा 'लुक ॲट इट' मध्ये मात्र इट शेवटी राहतं, कारण प्रिपोझिशनला त्याचा शब्द आपल्या पाठोपाठच लागतो, तिथे हलायला वावच नाही, मग जोर क्रियापदावर जातो आणि ॲट तर जवळजवळ 'अट' होऊन गिळला जातो. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना सगळे शब्द बऱ्यापैकी सारख्या जोरात म्हणतो, त्यामुळे कानाला मिळणारी ही खूण आपल्याकडे येतच नाही.

ओट्टो बेहागेल या जर्मन भाषातज्ज्ञाने 1909 मध्येच असं मांडलं होतं की छोटे तुकडे पुढे आणि मोठे तुकडे मागे जायला बघतात. 'स्विच द पंप ऑफ' आणि 'स्विच ऑफ द पंप' दोन्ही चालतं, पण 'काकांनी मागच्या वर्षी पिंपळगावहून आणलेला पंप' एवढं सगळं इंग्रजीत मध्ये कोंबून शेवटी ऑफ म्हणालात तर ऐकणारा तोपर्यंत ताटकळतो, पंप चालू करायचाय का बंद तेच कळत नाही. म्हणजे लांबलचक वस्तू बाहेर, हलकं इट आत, आणि मधल्या वजनाच्या गोष्टींना दोन्ही दारं उघडी. म्हणूनच 'एव्हरीवन' किंवा 'समथिंग' ही सुद्धा प्रोनाऊनच असली तरी 'पिक एव्हरीवन अप' आणि 'पिक अप एव्हरीवन' दोन्ही चालतात, आणि 'हिम'वर मुद्दाम जोर दिला, तिला नाही त्याला घे असं म्हणायचं असलं, तर 'पिक अप हिम, नॉट हर' पण कानाला खपतं. नियम प्रोनाऊनचा नाहीच मुळी, हलकेपणाचा आहे.

गंमत म्हणजे ही सगळी भानगड इंग्रजांची खासगी नाही. संस्कृतात प्र, आ, सम्, वि, परि हे उपसर्ग लागून एकाच धातूचे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार होतात, तो श्लोक शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल. तिथे उपसर्ग धातूला चिकटलेला असतो. पण वेदांत तो सुटा फिरतो, आणि पाणिनीने त्यासाठी खास सूत्रं दिली आहेत: उपसर्ग धातूच्या आधी येतात, पण 'छन्दसि परेऽपि', वेदात नंतरही, आणि 'व्यवहिताश्च', मध्ये दुसरे शब्द घेऊनही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'उप त्वाग्ने दिवेदिवे' आहे, ज्यात 'उप' सुरुवातीला आणि त्याचं क्रियापद 'इमसि' पार ऋचेच्या शेवटी, आणि उपच्या लगेच मागे 'त्वा', म्हणजे तुला, छोटंसं आणि उच्चारात स्वराघात नसलेलं सर्वनाम. संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपियन भाषेत हे शब्द सुटे क्रियाविशेषणासारखे होते, पुढे काही क्रियापदाकडे गेले तर काही नामाकडे, आणि एकाच ऑनच्या दोन नोकऱ्यांची मुळं तिथे आहेत.

मग इट मध्ये घुसल्यावर 'पुट' आणि 'ऑन' डोक्यात पण वेगळे होतात का? बर्ट कॅपेल, युरी श्टिरोव आणि फ्रिडेमान पुल्वरम्युलर या संशोधकांनी 2010 मध्ये मेंदूतले चुंबकीय बदल टिपणाऱ्या यंत्राने हे तपासलं. लोकांना 'हीट अप', 'कूल डाऊन' अशा खऱ्या जोड्या ऐकवल्या आणि 'हीट डाऊन', 'कूल अप' अशा खोट्या पण. खऱ्या जोडीला मेंदूचा प्रतिसाद जास्त जोरदार आला, ओळखीच्या शब्दाला येतो तसा. म्हणजे बोलताना फाटली तरी जोडी डोक्यात एका शब्दासारखीच साठवलेली असावी.

तीन शब्दांच्या फ्रेजल व्हर्बना लोक उगाच घाबरतात, त्यात फक्त दोन्ही नोकऱ्या एकत्र असतात. सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न चेअरमनकडे काढायचाय तर 'टेक इट अप विथ हिम': अप क्रियापदाचा म्हणून इट त्याच्या आधी, विथ चेअरमनचा म्हणून हिम त्याच्या नंतर. 'पुट अप विथ इट' (म्हणजे ते सहन कर) यात मध्ये घालायला काही नाहीच, इट विथच्या मागे. याच चालीवर आपण भारतीयांनी 'कोप अप विथ' तयार केलंय, ब्रिटिश लोक नुसतं 'कोप विथ' म्हणतात आणि आपल्या अपला नावं ठेवतात. पण त्या घरगुती फ्रेजल व्हर्बमध्ये सुद्धा आपण 'कोप अप विथ इट'च म्हणतो, 'कोप इट अप विथ' म्हणणारा मला तरी अजून नाशकात कोणी भेटलेला नाही.