मतं एक तृतीयांश, प्रतिनिधी सगळेच्या सगळे

20 फेब्रुवारी 2016 रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी झाली, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठीचं राज्यातलं मतदान. रिंगणात सहा जण होते. डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे 32.5 टक्के मतं मिळाली. मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ यांना प्रत्येकी 22 टक्क्यांहून थोडी जास्त. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे या राज्याचे प्रतिनिधी होते 50. त्यातले 29 राज्यात पहिल्या आलेल्याला आणि उरलेले 21, सात मतदारसंघांत पहिल्या येणाऱ्याला 3-3 याप्रमाणे. ट्रम्प सगळीकडे पहिले आले आणि पन्नासही त्यांना मिळाले.

यात कुणी एकही मत चोरलं नव्हतं. उमेदवारीवरून वाद झाला की लगेच ‘घोटाळा’ हा शब्द येतो, पण पुष्कळदा अन्याय मोजणीच्या नियमातच असतो. मतपत्रिका फक्त पहिली पसंती विचारते. रुबिओंच्या मतदाराला दुसरा कोण चालला असता, हे तिला कळतच नाही.

मग सगळ्यांचा पसंतीक्रम विचारला तर? इथे मला सर्वांत आवडणारं गणित येतं. फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी ते 1785 मध्ये मांडलं. समजा 100 मतदार आहेत. 35 जणांचा क्रम अ, ब, क. 33 जणांचा ब, क, अ. 32 जणांचा क, अ, ब. आता दोघादोघांची लढत लावू. अ विरुद्ध ब: 67 जणांना अ हवा. ब विरुद्ध क: 68 जणांना ब हवा. म्हणजे अ सर्वांत वरचा? क विरुद्ध अ लावून पाहा: 65 जणांना क हवा! प्रत्येक मतदाराचा क्रम सरळ आहे, तरी समाजाचा क्रम गोल फिरतो.

आता लढतींचा क्रम बदला. आधी अ-ब लावा, विजेत्याला क शी भिडवा: क जिंकतो. आधी ब-क लावा: शेवटी अ जिंकतो. आधी क-अ लावा: ब जिंकतो. एकाही माणसाचं मत बदललेलं नाही. प्रायमरी अशा जोडीजोडीने होत नाहीत, पण कोणतं राज्य आधी आणि कोण कधी माघार घेतो, याला एवढं वजन का, ते यातून उमगतं. 2020 मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या शर्यतीतले बुटीजेज आणि क्लोबुशार यांनी ‘सुपर ट्यूजडे’च्या, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी होणाऱ्या प्रायमरींच्या, तोंडावर माघार घेऊन बायडेन यांना पाठिंबा दिला, आणि शर्यतीचं चित्रच पालटलं.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 मध्ये याहून मोठी गोष्ट सिद्ध केली. उमेदवार तीन किंवा अधिक असतील, तर पसंतीक्रमांवरून समाजाचा सुसंगत क्रम लावणारा कोणताही नियम पुढच्या तीन अटी एकदम पाळू शकत नाही: सर्वांना अ हा ब पेक्षा हवा असेल तर अ वर यावा, अ-ब मधला क्रम क बद्दलच्या मतांवर अवलंबून नसावा, आणि एकाच माणसाची मर्जी चालू नये. म्हणून 2028 चा उमेदवार कुंडलीवरून सांगणाऱ्यांवर वेळ घालवू नका. नियम आणि माघारी कळल्याशिवाय सगळ्या मतदारांची मनं वाचूनही तो सांगता येणार नाही.

परिपूर्ण नियम नसला, तरी बरा नियम असतो. डेमोक्रॅट पक्ष प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो, पण 15 टक्क्यांखाली शून्य. 2020 मध्ये न्यू हॅम्पशायरात एलिझाबेथ वॉरन आणि बायडेन यांची मिळून 17 टक्क्यांहून जास्त मतं अशी वाया गेली. त्याच वर्षी अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगमध्ये डेमोक्रॅटांनी पसंतीक्रमाची मतपत्रिका वापरली: तळाचा उमेदवार बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीला, आणि उरलेले सगळे 15 टक्क्यांवर येईपर्यंत हेच. राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येऊ देणाऱ्या 22व्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, त्यामुळे 2028 मध्ये दोन्ही पक्षांत गर्दी होईल. या चार राज्यांची पद्धत तेव्हा आणखी किती राज्यं घेतात, याकडे माझं लक्ष आहे.