व्हिसा लागला म्हणजे सगळं झालं का?

आर्वी-दारव्ह्याकडच्या गावांत एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय: 'पासपोर्टवर व्हिसा लागला की झालं, तिकडे गेल्यावर नोंदणी-बिंदणी काही लागत नाही.' पोरगं परदेशी शिकायला निघालं की असं वाचून घरच्यांना धीर येतो, हे मी समजू शकतो. पण ते खरं नाही.

बऱ्याच देशांत व्हिसा म्हणजे आत येण्याची परवानगी; जास्त दिवस राहण्याची परवानगी वेगळी काढावी लागते. पासपोर्टवरचं स्टिकर नीट पाहा. त्यावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर ही मुदत बहुधा काही महिन्यांचीच असते, शिक्षण मात्र दोन-तीन वर्षांचं. मग उरलेल्या काळाचं काय? त्यासाठीच तिथलं निवास परवाना कार्ड.

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. पण पत्त्याची नोंद म्हणजे परवाना नव्हे, इथेच पोरं फसतात. परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याआधी करायचा. त्यासाठी कार्यालयातल्या भेटीची तारीख उशिराची मिळाली तरी वेळेत केलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा. इटलीत परवान्याच्या अर्जाची मुदत आणखी कमी, पोहोचल्यापासून आठ कामकाजाचे दिवस.

खात्री करायची तर त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ उघडा आणि आपल्याच व्हिसा-प्रकाराचं पान वाचा. एजंट काही वेगळं सांगत असेल, तर त्याला ते पान दाखवायला सांगा.