डम्ब केन: एका शोभेच्या झाडाच्या नावामागचं

नर्सरीत हे झाड डिफेनबेकिया म्हणूनच मिळतं. रुंद हिरवी पानं, त्यांवर पिवळट-पांढरे शिंतोडे. उजेड बेताचा असला तरी तग धरतं, म्हणून बँकेत, हॉटेलात, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही कुंडीत उभं दिसतं. इंग्रजीत याचं रूढ नाव 'डम्ब केन'. यातलं 'केन' कुठून आलं ते खोड पाहिलं की कळतं. खालची पानं गळाली की उसासारखी पेरं उघडी पडतात. 'डम्ब' म्हणजे मुकं. मुकं होतं ते हे झाड ज्याच्या तोंडात जातं ते माणूस, आणि एके काळी ते तोंडात जबरदस्तीनं कोंबलं जायचं.

कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेतला उष्ण, दमट पट्टा हे त्याचं मूळ घर. कूळ अळू-सुरणाचं. अळू चिरताना हात खाजतात, सुरण कच्चं राहिलं तर घसा खवखवतो, त्याला कारण असलेले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक याच्यातही आहेत. ठरावीक पेशींत त्यांच्या जुड्याच्या जुड्या भरलेल्या असतात. पान चावलं की या पेशी फुटतात आणि सुया जिभेत, गालात, घशात रुततात. जीभ सुजते, लाळ गळत राहते, बोलणं अशक्य होतं. सूज उतरायला कधी काही दिवसही लागतात. अळूला आपण चिंच-आमसूल घालून, शिजवून वठणीवर आणतो. याच्या वाटेला जाऊ नये.

हे गुण युरोपियनांच्या कागदावर आले ते साखरेच्या मळ्यांमुळे. हॅन्स स्लोन हा डॉक्टर १६८७ ते १६८९ जमैकात गव्हर्नरच्या पदरी होता (पुढे त्याच्याच संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं), त्यानं तिथल्या वनस्पतींमध्ये याचीही नोंद केली. उसाचा रस नुसत्या चुन्यानं नीट दाणेदार होईना, तर या खोडाचा उपयोग करत, असेही जुने उल्लेख आहेत. पण नाव चिकटलं ते दुसऱ्या उपयोगामुळे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना शिक्षा म्हणून या खोडाचा तुकडा तोंडात धरायला लावत. चाबकासारखा वळ उठत नाही, आणि झालेलं सांगायला जीभही हलत नाही. मळेवाल्यांना यापेक्षा सोयीची शिक्षा कुठली मिळणार होती?

शास्त्रीय नावाचा प्रवास मात्र थेट राजवाड्यातला. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेसाठी झाडं गोळा करायला सम्राटानं निकोलाउस याक्विन या तरुणाला वेस्ट इंडीजला धाडलं होतं. तो १७५९ मध्ये परतला आणि १७६० मध्ये त्यानं या झाडाला 'अरुम सेग्विने' असं नाव दिलं. पुढे १८२९ मध्ये हाइनरिख शॉट यानं ते वेगळ्या प्रजातीत घातलं आणि त्या प्रजातीला शोनब्रुनचे मुख्य माळी योझेफ डिफेनबाख यांचं नाव दिलं. वनस्पतिशास्त्रात राजे-सरदारांची नावं पैशाला पासरी. माळ्याच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो.

विसाव्या शतकातलं प्रकरण याहून काळंकुट्ट. या झाडाच्या रसानं उंदरांमध्ये वंध्यत्व येतं, असे प्रयोग जर्मनीतल्या गेरहार्ड माडाउस यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचून आडोल्फ पोकोर्नी या डॉक्टरानं हिटलरचा उजवा हात असलेल्या हिमलरला पत्र लिहिलं: कैदेतल्या तीस लाख सोव्हिएत सैनिकांवर हे वापरता येईल, म्हणजे ते राबतील, पण त्यांची प्रजा वाढणार नाही. नाझींच्या कागदपत्रांत झाडाचं नाव 'श्वाइगरोर', म्हणजे पुन्हा तेच, गप्प करणारा वेत. हिमलरनं चौकशी सुरू केली, पण घोडं अडलं ते झाडापाशी. उष्ण प्रदेशातलं रोप जर्मनीच्या थंडीत हवं तेवढं उगवेना. काचघरात वाढवायची खटपट झाली, तीही फळली नाही. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांवरील खटल्यात पोकोर्नी आरोपी होता. हा उपाय लागू पडणार नाही हे आपल्याला माहीत होतं, हिमलरला भलत्या वाटेला लावायचं होतं, असा त्याचा बचाव. न्यायालयाला तो पटला नाही, तरी पुराव्याअभावी १९४७ मध्ये तो सुटला.

त्यानंतरची कहाणी निव्वळ बाजाराची आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का इथल्या केंद्रानं संकर करून नवनवीन वाण काढले. बाजारात मिळणाऱ्या 'कॅमिल'सारख्या वाणात तर पानाचा मधला भाग जवळजवळ पांढराच, हिरवी उरते ती फक्त कड. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यातच जमा असतं, म्हणून अशी रोपं सावकाश वाढतात.

व्हॉट्सॲपवर अधूनमधून या झाडाचा फोटो फिरतो: एक पान खाल्लं तर मूल मिनिटभरात दगावतं. ही थाप आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, डिफेनबेकिया आणि त्याच्याच कुळातलं फिलोडेंड्रॉन तोंडात गेल्याच्या १८८ प्रकरणांपैकी फक्त चौघांना त्रास झालेला आढळला. बहुतेक मुलं पहिल्या चाव्यालाच थुंकून टाकतात. क्वचित घशाला जास्त सूज येऊन श्वास अडू शकतो, तेव्हा डॉक्टर गाठायलाच हवा. रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी, आणि छाटणी करताना हातमोजे घालावेत; चीक डोळ्यात गेला तर फार झोंबतो.